साडेचारचा गजर

"मॅडम, हा आळशी झालाय. पहाटे साडेचारला उठवते, तर पुस्तकावर डोकं टेकून झोपतो. आणि रात्री एक वाजता बघावं तर टक्क जागा!" नीटची तयारी करणाऱ्या मुलाची आई सांगत होती. मुलगा शेजारी गप्प. बारावीच्या वर्षात ही तक्रार घेऊन बरेच पालक येतात.

मी आधी झोप मोजली. साडेतीन तास! या वयात आठ ते दहा लागते. थकव्यामागे कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा नैराश्यही असू शकतं, म्हणून रक्त तपासायला सांगितलं, मुलाशी एकट्याशीही बोलले. तसं काही निघालं नाही. मग दोघांनाही (हो, आईलासुद्धा) एक वही ठेवायला लावली: दर दोन तासांनी, किती तरतरी वाटते त्याला एक ते पाच गुण.

पंधरवड्याने वह्या शेजारी ठेवल्या. आईला पहाटे पाच गुण, रात्री नऊनंतर एक. मुलाचं नेमकं उलटं: सकाळी आठपर्यंत एक, संध्याकाळी सहानंतर चार-पाच. आई बराच वेळ वह्यांकडे बघत राहिली. "म्हणजे मी माझ्या वेळेला त्याला बसवत होते."

किशोरवयात शरीराचं घड्याळ तास-दोन तास उशिरावर जातं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरकच रात्री उशिरा वाढू लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, पण मूळ कारण तो नाही. 'लवकर निजे, लवकर उठे' हे या वयाला शिस्त म्हणून लादलं की निजणं उशिराच राहतं, उठणं तेवढं लवकर होतं. आपल्याकडे 2024 मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचं परिपत्रक निघालं, तेही चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. खरी गरज असलेली मोठी मुलं राहिलीच.

पहाटेचा गजर बंद केला. साडेसहाला उठायचं, रविवारीही फार तर तासभर उशिरा. उठल्यावर थोडा वेळ गच्चीत, कारण सकाळच्या उजेडाने उशिरावर गेलेलं घड्याळ हळूहळू लवकरच्या वेळेवर येतं. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, साडेदहानंतर मोबाइल आईच्या खोलीत. (यावर भांडणं झाली.) फिजिक्सची गणितं संध्याकाळी, दुपारी आकृत्या काढणं किंवा वीसेक मिनिटांची डुलकी. महिन्याभरात तो साडेअकराच्या आसपास झोपू लागला.

एक अडचण उरली. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो, आणि वहीत दुपारला दोघांचेही गुण पडलेले. म्हणून शेवटचे दोन महिने सराव पेपर दोन ते पाच याच वेळेत, त्याआधी जेवण हलकं, भात कमी. डुलकी बाराच्या सुमारास. दुपारचा एक गुण तीनवर आला. चार काही झाला नाही, पण पेपर पूर्ण सुटू लागले.