टर्मिनलमधली मोकळी जागा आणि इतर प्रश्न

(उत्तरं उबुंटू लिनक्स आणि त्यातला बॅश शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये लिहिलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम, धरून दिली आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना छोटी रोमन अक्षरं वापरा.)

प्रश्न : कंट्रोल-आल्ट-टी दाबून टर्मिनल उघडलं. फोल्डरमध्ये जायला ‘सीडी लग्नाचे फोटो’ लिहिलं की ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ असं उत्तर येतं. एलएस केलं तर फोल्डर यादीत दिसतो. मग आत का जाता येत नाही?

उत्तर : नावातली मोकळी जागा नडते आहे. एंटर दाबलं की तुमची ओळ थेट सीडीकडे जात नाही, आधी शेल ती वाचतो, मोकळ्या जागांवर तोडतो आणि तुकडे पुढे देतो. सीडीला एक नाव हवं होतं, मिळाली दोन. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला. चिन्हं कीबोर्डवरची सरळच हवीत. वेबपानावरून उचललेली वळणदार चिन्हं शेलला साधी अक्षरंच वाटतात. त्याहून सोपं म्हणजे ‘लग’ एवढं लिहून टॅब दाबा. बाकीचं नाव शेल भरतो आणि मोकळ्या जागेआधी उलटी तिरकी रेघही घालतो, म्हणजे ती जागा नावाचाच भाग ठरते. टॅब दाबून काहीच झालं नाही, तर पुन्हा दाबा. त्या अक्षरांनी सुरू होणारी एकाहून जास्त नावं असतील तर यादी येते. तरीही काही नाही, तर नावात चूक आहे किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये आहात. कुठे आहात ते पीडब्ल्यूडी सांगेल. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं विस्कटलेली दिसतात, त्याने फाइलला काही होत नाही.

प्रश्न : शेवटी ‘डॉट टीएमपी’ असलेल्या फाइली काढायला आरएम, तारा (*) आणि डॉट टीएमपी असं लिहिलं. ‘डॉट टीएमपी नावाची फाइल नाही’ असा संदेश आला म्हणून निर्धास्त होतो, पण फोल्डरमधल्या सगळ्याच फाइली गेल्या! कचरापेटीतही नाहीत.

उत्तर : तारा आणि डॉट यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली असणार. ताऱ्याचा अर्थ आरएम लावत नाही, तोही शेलच लावतो. सुट्या ताऱ्याच्या जागी त्याने फोल्डरमधली सगळी नावं भरली, शेवटी ‘डॉट टीएमपी’ हे वेगळं नाव जोडलं आणि यादी आरएमला दिली. आरएमने विचारल्याशिवाय एकेक फाइल उडवली आणि शेवटच्या, नसलेल्या नावापाशी तक्रार केली. तुम्ही वाचलात तो संदेश त्या शेवटच्या नावाचा. लपलेल्या फाइली आणि आतले फोल्डर मात्र शाबूत असतील.

आरएम कचरापेटी वापरत नाही. बॅकअप असेल तर तोच खरा उपाय. नसेल तर त्या डिस्कवर काहीही लिहिणं लगेच थांबवा, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा आणि पुसलेल्या फाइली शोधणारा फोटोरेक हा प्रोग्राम चालवून मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. बहुतेकींची मूळ नावं मिळणार नाहीत. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर फार आशा नको : उबुंटू आठवड्यातून एकदा रिकाम्या जागेची ट्रिम करतो, म्हणजे ती जागा आता वापरात नाही असं डिस्कला कळवतो, त्यानंतर सहसा काही हाती लागत नाही.

यापुढे पुसण्याआधी तीच ओळ आरएमच्या जागी इको लिहून चालवा. शेलने भरलेली नावं पडद्यावर येतील, पुसलं काहीच जाणार नाही. यादी बरोबर असेल तर वरचा बाण दाबून ओळ परत आणा आणि इकोचं आरएम करा. आरएमला ‘वजा आय’ जोडलं तर तो प्रत्येक फाइलला विचारतो, पण पन्नास फाइली असल्या की माणूस न वाचता ‘वाय’ दाबत सुटतो. ‘वजा आय’मधला आय मोठा लिहिला (इथे छोटं अक्षर नको) तर तो तीनहून जास्त नावांना एकदाच विचारतो, ते बरं. कचरापेटीतच टाकायचं असेल तर ‘जीआयओ ट्रॅश’ आहे.

प्रश्न : सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायला) लिहिल्यानंतर पासवर्ड टाइपच होत नाही. आणि कधीकधी टर्मिनल गोठतं.

उत्तर : पासवर्ड टाइप होतो, फक्त दिसत नाही, लिहून एंटर दाबा. गोठण्यामागे बहुधा सवयीने सेव्ह करायला दाबलेलं कंट्रोल-एस असतं. कंट्रोल-क्यू दाबलं की टर्मिनल सुटेल. कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी, नुसतं कंट्रोल-सी चालू काम थांबवतं.