दाखला द्या, मॅडम

"मॅडम, याची काई टेस्ट असते का? रक्ताची वगैरे?"

"मी गे तर नाही ना?" ही धास्ती घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणारी पोरं बहुधा अशीच सुरुवात करतात. हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा, एकोणीस वर्षांचा. त्याला प्रफुल म्हणू. खरं नाव वेगळं, गावही सांगत नाही. यवतमाळ जिल्हा एवढं पुरे.

झालं असं, की हॉस्टेलच्या पोट्ट्यांनी एका रात्री मोबाइलवर सिनेमा पाहिला. कॉलेजातली प्रेमाची धमाल : ज्याला सगळे गे समजतात तो नसतोच, आणि ज्याच्यावर कुणाचा संशय नाही तो निघतो. पोट्टे पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी आपल्यात तो कोण, हे शोधायला लागले. प्रफुल सापडला. पुरावे काय, तर आवाज बारीक, पोळ्या गोल येतात आणि सचिनच्या गळ्यात हात टाकून फिरतो. (आमच्याकडे अर्धा तालुका गळ्यात हात टाकून फिरतो. तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.) ग्रुपवर त्याचं नाव बदललं. चुलतभावामार्फत गोष्ट गावात गेली. घरी बहिणीच्या सोयरिकीचं चाललेलं. सिनेमातल्या पोराला गाव नव्हतं, हीच काय ती त्याची सोय.

प्रफुलनं खिशातून पेपरात बांधलेली, रबर लावलेली औषधाची पुडी काढून टेबलावर ठेवली. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून आणलेली. तीन हजार, बापानं तूर विकून फीसाठी दिलेल्या पैशातले.

मी सांगितलं, टेस्ट नसते, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे २०१८ पासून तो गुन्हाही नाही. आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं ते वर्तन व्यवसायाला न शोभणारं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये ठरवलं. आवाजावरून, चालण्यावरून, पोळ्यांवरून काही कळत नाही. मन कुणाकडे ओढ घेतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. कुणाला लवकर, कुणाला उशिरा.

"ते मले मालूम हाय," तो म्हणाला. वर्गातल्या एका मुलीचं नाव घेतलं, लाजला.

"मग टेस्ट कशाला?"

"पोट्ट्यायले दाखवाले. तुम्ही लिहून द्या ना."

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि आता हा. मला हसू आलं, ते गिळलं.

सुरुवातीच्या वर्षांत मी असा दाखला तोंडी दिलाय. "छे, तू काही तसा नाहीस, घाबरू नको." पोरगा हलका होऊन गेला. सोबत आलेला त्याचा दोस्त बाकावर बसून ऐकत होता, त्याचा चेहरा मी नंतर आठवला. तसं असणं म्हणजे घाबरण्यासारखंच काहीतरी, हे मीच त्याला सांगून बसले होते. म्हणून आता कुणाला 'तू नाहीस' म्हणत नाही. आहेस असंही नाही.

प्रफुलला विचारलं, "आणि सचिन असला तर?"

बराच वेळ तो पुडीचं रबर ओढत बसला.

"बोलतच नाई आता त्याच्यासंग. मीच सोडलं. एका गाडीवर बसलो का पोट्टे शिट्ट्या मारते."

"त्यानं काय केलं होतं?"

"काईच नाई."

त्या दिवशी एवढंच. पुडी नेली नाही, मी ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी उशिरा आला, बस चुकली म्हणाला.

"मग आलास कसा?"

"सचिननं सोडलं."

खिडकीतून पाहिलं. लिंबाखाली गाडी लावून एक पोरगा मोबाइल बघत उभा होता. आत बोलावू का, विचारलं. प्रफुल म्हणाला, "त्याले वाटलं त येईन तो." ग्रुपवरचं नाव अजून तेच आहे, हेही त्यानंच सांगितलं आणि फीचं बापाला कसं सांगायचं, या विषयाकडे वळला.