टू-फोर-डी, व्हिएतनाम आणि बांधापलीकडची बाग

प्रश्न : मॅडम, खुरपणीला माणूस मिळत नाही म्हणून आम्ही दरवर्षी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतो. पुण्याला शिकणारा पुतण्या सुट्टीत आला होता. डबा बघून म्हणाला, "काका, हे तर व्हिएतनामच्या युद्धातलं रासायनिक अस्त्र!" हे खरं आहे का? आणि अस्त्र असेल तर त्यावर जगभर बंदी कशी नाही, दुकानात कसं मिळतं? ३० नोव्हेंबरला, रासायनिक युद्धातल्या बळींच्या स्मृतिदिनी, त्याला कॉलेजात बोलायचंय. तोही उत्तराची वाट बघतोय.
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : पुतण्याचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि 'निम्मं' हा शब्द मी मोजून वापरतेय. अमेरिकी विमानांनी व्हिएतनामवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये साधारण निम्मं टू-फोर-डी होतं आणि निम्मं टू-फोर-फाइव्ह-टी हे दुसरं तणनाशक. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून ते नाव. टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना त्यात डायऑक्सिन नावाचं जहाल विष तयार व्हायचं. माणसांना झालेल्या ज्या आजारांबद्दल आपण वाचतो, त्यांचा संबंध मुख्यतः या डायऑक्सिनशी आहे. टू-फोर-फाइव्ह-टीला आपल्या देशात नोंदणीच नाकारलेली आहे, तुमच्या डब्यात ते नाही. पण म्हणून डबा निर्धोक समजू नका. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टू-फोर-डीला 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय झाकण उघडू नका.

मी पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण टू-फोर-डी खऱ्या अर्थाने कळलं ते तासगावला भावाच्या द्राक्षबागेत. खरड छाटणीनंतरची फूट नुकतीच हातभर झाली होती. शेजारच्या उसात कोणीतरी भर दुपारच्या वाऱ्यात फवारलं. चार-पाच दिवसांत बांधाकडच्या ओळींतली कोवळी पानं मिटलेल्या पंख्यासारखी दिसायला लागली. शिरा एकमेकींना खेटून समांतर, कडा दातेरी, शेंडे वाकलेले. भाऊ म्हणाला, "ताई, व्हायरस आला." मी एक पान वहीत घालून घरी आणलं, ती वही अजून माझ्याकडे आहे. कापूसवाले यालाच 'पानं भेंडीसारखी झाली' म्हणतात. झाडाला वाढायला लावणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक असतं, टू-फोर-डी त्याचं रूप घेऊन आत शिरतं. रुंद पानाचं झाड भरमसाट, वेडंवाकडं वाढतं आणि त्या वाढण्यानेच मरतं. बागेवर आला होता तो नुसता वाऱ्यावरचा फवारा. व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज पाण्याचा थेंबही न घालता, एकरी सुमारे ११ लिटर, विमानातून ओतत होते. १९६२ ते १९७१ या काळात सगळी तणनाशकं मिळून सात कोटी लिटरच्या वर. जंगलात लपलेले सैनिक उघडे पडावेत आणि त्यांना भात मिळू नये, म्हणून.

आता पुतण्याने भाषणात घ्यावा असा माणूस सांगते : आर्थर गॅलस्टन. १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हा तरुण सोयाबीनवर काम करत होता. सोयाबीन लवकर फुलावं, एवढाच हेतू. एक रसायन त्याला उपयोगी पडलं, पण त्याचं प्रमाण वाढलं की पानं गळून पडतात, हेही त्याने प्रबंधात लिहून ठेवलं. लष्करी संशोधकांनी नेमकी तीच नोंद उचलली. पुढे व्हिएतनामची फवारणी सुरू झाली आणि आपल्या कामाचं काय झालं ते त्याला कळलं. तो गप्प बसला नाही. १९६६ मध्ये सहकारी शास्त्रज्ञांच्या सह्या घेऊन त्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिलं. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत त्याने 'इकोसाइड' हा शब्द मांडला. वंशसंहार हा गुन्हा असेल तर निसर्गसंहारही गुन्हा हवा, ही त्याची मागणी. मी वर्गात सोयाबीन शिकवायला लागले की गॅलस्टनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे.

त्याच वर्षी हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन शास्त्रज्ञांचं छोटं पथक घेऊन प्रत्यक्ष व्हिएतनामला गेले. आपल्या कोकणच्या खाड्यांत कांदळ असतं तशीच खारफुटी तिथे आहे. आतली जंगलं एक फवारा सोसून पुन्हा पालवत, खारफुटी मात्र एकाच फवाऱ्यात मेली होती. दक्षिण व्हिएतनामची जवळपास निम्मी खारफुटी संपल्याचं त्यांनी सांगितलं. डिसेंबर १९७० मध्ये फवारणी आवरती घेण्याची घोषणा अमेरिकी सरकारला करावी लागली. सायगावजवळच्या कान जिओला लोकांनी १९७८ पासून हाताने एकेक रोप लावून जंगल उभं केलं. २००० साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

आता बंदीचं. १९२५ च्या जिनिव्हा करारात विषारी वायू आणि तशाच द्रव्यांचा युद्धात वापर निषिद्ध ठरला, पण तणनाशकं त्यात येतात की नाही यावर वाद राहिला. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८० विरुद्ध ३ मतांनी ठराव केला की माणूस, प्राणी *किंवा वनस्पती* यांना बाधणारी सगळी रसायनं त्यात धरावीत. विरोधातल्या तिघांत अमेरिका होती. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी, लष्करी तळांभोवतीचा वापर वगळता, युद्धात तणनाशकं पहिल्यांदा न वापरण्याचं धोरण जाहीर केलं. मग १९९३ चा मोठा रासायनिक अस्त्रबंदी करार आला. त्याची व्याख्या वाचा : माणसाला किंवा प्राण्याला अपाय करणारं ते विषारी रसायन. झाड व्याख्येतून गळालं! तणनाशकांचा उल्लेख आहे तो फक्त प्रस्तावनेत. शिवाय हा करार वस्तूइतकाच हेतूही बघतो, शेतीसाठीच्या वापराला त्यात मुभा आहे. म्हणून टू-फोर-डी दुकानात मिळतं, आणि ते योग्यच आहे, कारण उसातलं तण काढणं म्हणजे युद्ध नव्हे. पण युद्धात झाडं मारायला रसायन वापरणं प्रस्तावनेतल्या एका वाक्यावर सोडलं, हे मला मुळीच पटत नाही. खारफुटी गेली की मासळी जाते, किनारा जातो, मग माणूस कुठे वेगळा राहतो?

पुतण्याला सांगा, हा विषय जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या बेटांच्या देशांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात इकोसाइडचा गुन्हा घालण्याचा प्रस्ताव मांडला. आपलं सरकार त्या न्यायालयाचं सदस्य नाही. त्याबद्दल प्रश्न विचारायला भाषणाइतकी चांगली जागा नाही.

आणि तुमच्यासाठी. टू-फोर-डीचा पाठीवरचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल रंग फासा. कितीही धुतलात तरी तो द्राक्षाला, कापसाला, भेंडीला वापरू नका. वारा शांत असेल तेव्हाच फवारा. आणि बांधापलीकडे कोणाची बाग असेल तर आदल्या संध्याकाळी त्यांना एक फोन करा. माझ्या भावाला तसा फोन कोणी केला नव्हता.