गाठीतच औषध टोचलं तर?

प्रश्न : वडिलांना (वय ६८) उजव्या मुख्य श्वासनलिकेत कर्करोगाची गाठ आहे, दम लागतो. शिरेतून केमो देण्याऐवजी दुर्बिणीतून थेट गाठीत द्यावी का? यकृताच्या गाठीत अल्कोहोल टोचतात, तसं इथे चालतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : 'ऐवजी' नाही. टोचलेलं औषध मुख्यतः टोचलेल्या जागेपुरतंच काम करतं. हाडांत किंवा मेंदूत गेलेल्या पेशींवर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. अडलेली वाट मोकळी करणं, एवढाच त्याचा माफक पण मोलाचा उपयोग.

आधी अल्कोहोलचं. सिरोसिसच्या (व्रण पडून घट्ट झालेल्या) यकृतात गाठ मऊ आणि भोवतालचा भाग कडक, त्यामुळे अल्कोहोल गाठीतच कोंडून राहतं. फुफ्फुस स्पंजासारखं. तिथे ते निसटतं, शिवाय छातीतून सुई घातली तर हवा गळून फुफ्फुस आकसण्याची भीती. म्हणून नलिकेत डोकावणाऱ्या गाठीतच, दुर्बिणीतून, ९५ टक्के किंवा अधिक तीव्रतेचं अल्कोहोल एका जागी अर्धा ते एक मिलिलिटर देतात. ते पेशींतलं पाणी ओढतं, प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या गुठळीने बंद करतं. गाठ पांढरी पडते. मेलेला भाग काही दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून काढावा लागतो. खर्च विचारताना ही दुसरी खेपही धरा. निरोगी अस्तरावर थेंब सांडला तर ते भाजतं आणि खोकल्याची उबळ येते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून त्याच जागी लगेच लेसर नको.

आता केमोचं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पेशीच्या डीएनएचे धागे एकमेकांना जखडतं. अभ्यासांत १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात, एका वेळी ४० मिलिग्रॅमपर्यंत, आठवड्याला एकदा असं चार वेळा दिलेलं आहे. ते सलाइनमध्येच मिसळायचं, फ्रिजमध्ये ठेवलं तर खडे धरतात आणि ॲल्युमिनियमचा भाग असलेल्या सुईशी त्याची प्रक्रिया होऊन काळा साका बसतो. गाठीच्या आत दाब जास्त असतो. घाईने दाबलं तर औषध सुईच्या वाटेने परत येतं. म्हणून सावकाश, सुईची दिशा बदलत, थोडं थोडं. तरीही ते सगळीकडे सारखं पसरत नाही, मधेमधे जिवंत पेशी उरतात.

टोचल्यावर सूज येते. नलिका आधीच जेमतेम उघडी असेल तर दम आणखी वाढू शकतो, तेव्हा अशा रुग्णात आधी यंत्राने वाट मोकळी करणं किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) बसवणं आम्हाला बरं वाटतं.

प्रश्न : टोचल्यानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसते. रोग वाढला का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. सुजेने गाठ फुगते, मधला भाग मेला की पोकळी दिसते, आणि दाहामुळे पेट (PET) स्कॅनवरही ती कर्करोगासारखीच उजळते. तुकडा तपासायचा तर कडेचा घ्यावा. मधून घेतला तर नुसत्या मृत पेशी मिळतात आणि 'कर्करोग नाही' असा खोटा दिलासा. मात्र थुंकीतून ताजं रक्त, ताप किंवा गिळताना ठसका लागत असेल तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. मेलेला भाग गळून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडल्याचं ते लक्षण असू शकतं.