परीक्षा तोंडावर आली, पियानो बंद करू का?

"मॅडम, वार्षिक परीक्षेला सहा आठवडे राहिलेत आणि ही रोज दीड तास पियानोवर. बंद कर म्हटलं की अबोला धरते. तुम्हीच सांगा हिला." आई बोलत होत्या. मुलगी शेजारी बसून दप्तराच्या चेनशी चाळा करत होती. वय पंधरा, पियानोच्या पाचव्या ग्रेडची तयारी चालू. ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत देत आहे, कारण परीक्षा जवळ आली की हीच तक्रार घेऊन बरेच पालक येतात.

बंद करायचं की नाही, हे पहिल्या भेटीत ठरवण्यात अर्थ नसतो. तिला आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. 'सराव केला' किंवा 'गणित केलं' असं मोघम लिहायचं नाही. काय वाजवलं, कुठून कुठपर्यंत, किती मिनिटं, आणि अभ्यासाचंही तसंच.

मंगळवारच्या पानावर दीड तासात एकच पीस (वाजवायची रचना) अकरा वेळा सुरू केलेला होता. ३४व्या बारपाशी (बार म्हणजे नोटेशनमधला ठेक्याचा एक छोटा खंड) डावा हात अडखळला की ती थांबायची आणि पुन्हा पहिल्या बारपासून सुरू करायची. म्हणजे झोपेतही वाजवता येईल असं पहिलं पान अकरा वेळा, आणि अवघड जागा अकरा वेळा चुकीची. चूकसुद्धा घोटून घोटून पक्की होते, हे विसरायला होतं. त्याच पानावर खाली अभ्यासाची नोंद होती: 'विज्ञान, पहिला धडा, पुन्हा वाचला.' आठवड्यात चौथ्यांदा. सोडवलेले प्रश्न शून्य.

दोन्हीकडे दुखणं एकच होतं. जे येतं तेच पुन्हा पुन्हा करायचं आणि अडलेली जागा तशीच ठेवायची. शिवाय सातपैकी चार दिवस, गणिताची वेळ झाली की ती नेमकी पियानोवर जाऊन बसली होती. हे तिचं तिलाच वहीत दिसलं.

"पियानो रोज पंचवीस मिनिटं," असं मी म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "मग स्केल सोडते, नुसते पीस करते." हा हिशेब मात्र चुकीचा. एबीआरएसएम या संगीताच्या ग्रेड परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण गुण १५०, उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. तीन पीसचे प्रत्येकी ३०, म्हणजे पैकीच्या पैकी पडले तरी ९०. उरलेले ६० स्केल-अर्पेजिओ म्हणजे स्वरांच्या चढत्या-उतरत्या ओळी (२१), साइट-रीडिंग म्हणजे न पाहिलेलं नोटेशन बघून वाजवणं (२१) आणि ऑरल म्हणजे ऐकून उत्तर देणं (१८) यांचे. त्यामुळे रोज पाच मिनिटं स्केल ठेवले, दिवसाला दोनच, आलटून पालटून. साइट-रीडिंग आठवड्यातून दोनदा, चार-चार ओळी. पंधरा मिनिटं फक्त ३४ ते ३७ हे चार बार. शेवटची पाच मिनिटं पूर्ण पीस एकदाच, चुकला तरी न थांबता.

त्या चार बारांत अडायचं कारण साधं निघालं. डाव्या हाताचा अंगठा कधी तिसऱ्या बोटाखालून जायचा, कधी चौथ्या. हात दर वेळी नवीनच काहीतरी शिकत होता. पियानोच्या सरांकडून बोटांचे क्रमांक ठरवून घेतले आणि पेन्सिलीने नोटेशनवर लिहिले. मग एकटा डावा हात, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. सलग तीनदा बरोबर आलं की ४ने वाढवायचा, चुकलं की ८ने उतरवायचा. गाठायचा वेग ९६. तो एका दिवसात गाठायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी कालच्या वेगाच्या थोडं खालूनच सुरुवात. क्रमही उलटा घेतला: आधी ३७, मग ३६-३७, मग ३५पासून. असं केलं की हात नेहमी ओळखीच्या जागेकडे जातो आणि धसका कमी होतो.

वेळ ठरवली ती गणितानंतरची. पंचेचाळीस मिनिटं पुस्तक मिटून प्रश्न सोडवायचे, मधल्या धड्यांपासून; मग पियानो. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तीन दिवसांनी. आईंचं काम एकच, 'झालं का गं?' असं मधूनच विचारायचं नाही. उठायची वेळ टायमर सांगेल.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. तीन दिवस सराव बुडाला आणि शनिवारी तिने सलग दोन तास वाजवून भरपाई केली. रविवारी मनगटापासून कोपरापर्यंत हात दुखायला लागला. लिहायचाही तोच हात. दुखणं थांबेपर्यंत पियानो बंद, आणि पुढे बुडालेला सराव भरून काढायचा नाही, हा नियम आला. सरांनाही आधीच कळवायला हवं होतं. त्यांनी त्याच आठवड्यात नवा पीस दिला होता. फोन केल्यावर त्यांनी तो परीक्षेनंतर घेऊ म्हणून सांगितलं आणि शिकवणी पंधरवड्यातून एकदा केली.

दोन्ही परीक्षा एकाच पंधरवड्यात येत असतील तर अर्ज भरण्याआधीच पियानोची पुढे ढकलावी. रात्रीची झोप कापून सराव बसवावा लागत असेल तरीही. दिवसा घोटलेल्या बोटांच्या हालचाली पक्क्या व्हायला झोपेचा मोठा हातभार लागतो. ती कापली तर सरावही वाया आणि पाठांतरही.

परीक्षेच्या आठवड्यात तिने रोज दहा मिनिटं वाजवलं, येणारेच पीस, संथ. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी दीड तासावर उडी मारायचा बेत होता, तो मोडून काढावा लागला. आधी ३५ मिनिटं, चार-पाच दिवसांनी ४५, हात दुखला नाही तर पुढे. ३४वा बार तेव्हा ८४च्या वेगाला येत होता.