ठेका की ठोका?

नाशिकच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या रोज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा एरोबिक्सचा वर्ग घेतात. बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, त्यामुळे सगळ्या सूचना मराठीतच. अडतो तो एक शब्द. त्या लिहितात: "मी 'बीट पकडा' म्हणते. परवा एक जण म्हणाली, एवढं सगळं मराठीत बोलतेस तर 'ताल धरा' म्हण की. दुसरी म्हणाली, ताल नाही, 'ठेका'. तेवढ्यात मी एक दणदणीत टेक्नो (ते यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) लावलं, तर लहानपणी तबला शिकलेल्या एक काकू म्हणाल्या, 'अगं, याला ताल कुठाय? नुसता ठोका आहे!' सगळ्या हसल्या. तर बीटला नेमकं काय म्हणायचं? आणि टेक्नोला मराठी नाव आहे का?"

काकूंनी टोमणा मारला असेल, पण शब्द मोजून मारला. ताल आणि ठोका हे त्यांनी दोन वेगळे पदार्थ मानले, आणि ते तसे आहेतच. इंग्रजी बीट हा हरकाम्या शब्द आहे. एक आघात म्हणजे बीट, त्या आघातांची नक्षी म्हणजेही बीट, आणि 'बीट फास्ट आहे' म्हणताना गाण्याचा वेगही तोच. मराठीने ही कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. त्यामुळे 'बीटला मराठी शब्द कोणता' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. कुठली बीट, ते आधी ठरवावं लागतं. (कुठली की कुठला? माझ्या कानावर 'तो बीट' आणि 'ती बीट' दोन्ही पडतात. 'ते बीट' मात्र कोशिंबिरीतलं किंवा पोलीस चौकीचं.)

ठोका म्हणजे एकच आघात. घड्याळाचा, घणाचा, छातीचा. तो मोजता येतो, आणि मराठी माणूस तो कायम मोजत आलेला आहे. नाडीवर बोट ठेवून डॉक्टर सांगतात, 'मिनिटाला बहात्तर ठोके.' व्यायामाच्या गाण्यांच्या यादीत 'बीपीएम 135' असं लिहिलेलं असतं ना, त्याचं भाषांतर त्या दवाखान्यात आधीच होऊन बसलं आहे: मिनिटाला 135 ठोके. नवा शब्द घडवायची गरजच नाही. गंमत अशी की वर्ग रंगात आला की गाण्याचे ठोके आणि छातीचे ठोके एकाच पट्ट्यात येतात. टेक्नो साधारण 120 ते 150 च्या दरम्यान चालतं, आणि दहा मिनिटं उड्या मारल्यावर पुष्कळांचं हृदयही तिथेच कुठेतरी असतं. त्यामुळे 'माझे ठोके वाढले' आणि 'गाण्याचे ठोके वाढवा' ही वाक्यं एकाच हॉलमध्ये ऐकू येतील, आणि कुणाचाही गोंधळ होणार नाही.

तबल्याच्या वर्गात याच एककाला मात्रा म्हणतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने तोच शब्द काटेकोर. पण फरक आहे. मात्रा मोजायची असते. ती वाजलीच पाहिजे असं नाही. ठोका वाजतो, कानावर पडतो. शिवाय सकाळी सकाळी 'मात्रा वाढवा' म्हटलं तर निम्म्या वर्गाला औषधाची आठवण व्हायची.

आता ताल. टाळी आणि ताल एकाच घरचे. ताल म्हणजे नुसते ठोके नव्हेत. मात्रांचं ठरलेलं वर्तुळ. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या. पहिलीवर सम, तिथे सगळं वजन. नवव्या मात्रेवर खाली, तिथे हात मोकळा सोडायचा. भरी, म्हणजे टाळीची जागा, आहे म्हणून खाली कळते, खाली आहे म्हणून समेची ओढ लागते. टेक्नोत काय होतं? बास ड्रम प्रत्येक ठोक्यावर पडतो. धम, धम, धम, धम. चारही सारख्या वजनाचे, चारही भरलेले. या शैलीला ज्याचा आवाज चिकटला आहे ते रोलँड कंपनीचं टीआर-909 हे ताल-यंत्र 1983 मध्ये बाजारात आलं. तोच घट्ट, छातीत बसणारा दणका आजही ऐकू येतो. खाली नाही, म्हणजे तबला शिकलेल्या कानाला वर्तुळ सापडत नाही. 'ताल कुठाय' हा काकूंचा प्रश्न तिथून आला.

पण काकूंना एक गोष्ट सांगून बघा. वर्तुळ आहे, फक्त ते मोठं आहे. चार-चार ठोक्यांचे गट मोजत गेलं की सोळाव्या किंवा बत्तिसाव्या ठोक्यानंतर बहुतेक वेळा काहीतरी बदलतं: झांजेचा किणकिणाट सुरू होतो, नाहीतर खालचा खर्ज काढून घेतला जातो. एरोबिक्सच्या हालचाली बत्तीसच्या हिशेबाने बसवतात, म्हणजे ताई, तुम्ही रोज तेच आवर्तन, तालाचा तो पूर्ण फेरा, मोजता आहात. त्याला आवर्तन म्हणत नाही इतकंच. आणि मध्येच सगळे ठोके गायब होतात, नुसते सूर तरंगत राहतात, ताण वाढत जातो आणि एकदम ठोका परत कोसळतो, ज्याला पोरं 'ड्रॉप' म्हणतात. तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आल्यावर आपल्या मैफलीत जी मान हलते, तीच मान तिथेही हलते. मी ड्रॉपला बिनदिक्कत 'सम आली' म्हणेन. शास्त्रीपंडित रागावतील, रागावू देत.

राहिला ठेका. तबल्यात ठेका म्हणजे त्या तालाचे ठरलेले बोल. केरवा या तालाच्या आठ मात्रा, पण ठेका म्हणजे 'धा गे ना ती न क धी न'. गायक वर हिंडतो, ठेका खाली जागा धरून बसतो. बोलीत या शब्दाला आणखी एक जीव मिळाला: 'ठेका धरणं'. पायाने ठेका धरला, बोटांनी टेबलावर ठेका धरला. वर्तमानपत्रांना तर तो फार आवडतो. मिरवणुकीत पुढारी दोन पावलं नाचले की दुसऱ्या दिवशी 'लेझीमवर ठेका धरला' हे ठरलेलं. (तरुण मंडळी असतील तर ती 'तालावर थिरकतात'. पुढारी थिरकत नाहीत.) इथे ठेका हा वाजवणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे आला आहे. ठोका स्पीकरमधून येतो, ठेका अंगात धरला जातो. लिहिताना दोघांत फरक एका कान्याचा.

'ताल धरा' चुकीचं नाहीच. टाळ वाजवत ताल धरणारे वारकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आलेत. पण टाळ हातात नसताना, नुसत्या अंगाने साथ करायची असताना, मला 'ठेका धरा' जास्त नेमकं वाटतं.

लय या शब्दावर फार थांबत नाही. लय म्हणजे वेग: विलंबित (संथ), मध्य नाहीतर द्रुत (जलद). 'बीट फास्ट आहे'चं मराठी 'लय द्रुत आहे' किंवा सरळ 'लय वाढली'. फक्त कोल्हापूर-साताऱ्याकडची कुणी वर्गात असेल तर 'लय भारी' ऐकून ती लयीचं कौतुक समजू नका, ते 'लई' आहे. एक उपयोगी गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. 140 ठोक्यांवर ज्यांना उड्या झेपत नाहीत त्यांना 'हळू करा' न म्हणता 'एक ठोका सोडून पाऊल टाका' म्हणा. गाणं तेच, पाऊल मिनिटाला 70. तबलजी ठाय (मूळ वेग) आणि दुगुन (दुप्पट वेग) करतात तोच हिशेब, उलट्या बाजूने.

ताल आणि व्यायाम यांची जोडी आपल्याकडे जिमबरोबर आली, असं वाटत असेल तर लेझीम आठवा. शब्द फारसीतून आला. मुळात ते व्यायामाचं धनुष्य: दोरीच्या जागी लोखंडी साखळी, ताणताना दंड भरून यायचे. आखाड्यातून ती मिरवणुकीत आली, हलगी-घुमक्याच्या साथीला उभी राहिली आणि पुढे शाळेच्या पीटीच्या तासात शिरली. तिथल्या पहिल्या हुकमाचं नाव काय? 'चार आवाज'. चार अंक मोजेपर्यंत चार वेळा लेझीम वाजवायची. म्हणजे बीटला 'आवाज' हाही एक मराठी प्रतिशब्द मैदानावर वापरून झालेला आहे, आणि चार सारख्या ठोक्यांचा व्यायामही. तुमच्या वर्गातल्या निम्म्या जणींनी तो शाळेत केलेला असणार. एकदा टेक्नोवर 'चार आवाज' करून बघा, चपखल बसतं.

जाता जाता तालीम या शब्दाविषयी. कुस्तीची ती तालीम, गाण्याची तीही तालीम, नाटकाचीही तालीमच. ताल दिसतो म्हणून त्याचं मूळ तालात शोधू नये. तो अरबी शब्द आहे, अर्थ शिकवणूक. पण अंग घोटून घेणं आणि गळा घोटून घेणं यांना एकच शब्द पुरावा, ही आपल्या बोलीची समज.

दुसरा प्रश्न टेक्नोच्या नावाचा. कुणीतरी 'तंत्रसंगीत' सुचवलेलं मी वाचलं आहे. नको. ते ऐकून एकाला तंतुवाद्य आठवतं, दुसऱ्याला लिंबू-मिरची. टेक्नो हे एका शहराच्या गोष्टीचं नाव आहे, ते तसंच ठेवावं. मोटारींच्या कारखान्यांचं अमेरिकेतलं डेट्रॉइट हे ते शहर. त्याच्या जवळच्या बेलव्हिल गावात एकाच शाळेत शिकलेली तीन कृष्णवर्णीय मुलं, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, ऐंशीच्या दशकात यंत्रांवर हे संगीत करू लागली. अ‍ॅटकिन्सने 'टेक्नो' हा शब्द उचलला तो अ‍ॅल्विन टॉफलर या भविष्यकाळाचा वेध घेणाऱ्या लेखकाकडून. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या संगीताचं एक संकलन निघालं. त्याला आधी शिकागोच्या 'हाउस' संगीताचं नाव जोडायचं घाटत होतं, पण अ‍ॅटकिन्सच्या रचनेच्या शीर्षकातच 'टेक्नो' होतं. संकलनाचं नाव बदललं आणि सगळ्या शैलीला तेच चिकटलं.

त्याच्या सहा वर्षं आधी, 1982 मध्ये, मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने दहा राग रोलँडच्या यंत्रांवर वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा ती फारशी चालली नाही, 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले. त्या तबकडीच्या इंग्रजी नावात राग आहेत आणि 'डिस्को बीट' आहे. आता सांगा, हा बीट कोणता? एक ठोका नव्हे, वेगही नव्हे. रागाखाली तीनतालाऐवजी ठेवलेला दुसरा ठेका.

आणि मराठी नाव हवंच असेल तर नातं तरी बघा. टेक्नोच्या मुळाशी ग्रीक 'तेख्ने' आहे, म्हणजे कारागिरी. त्याचा संस्कृतातला भाऊबंद तक्ष् हा धातू. लाकूड घडवणारा तो तक्षन्, सुतार. संस्कृत 'क्ष'चा मराठीत 'स' होतो, इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, तसंच तक्षणाचं झालं तासणं. म्हणजे रंध्याखाली फळी तासणारा सुतार आणि टेक्नो वाजवणारा पोरगा शब्दांच्या कुळात लांबचे चुलते-पुतणे. (आपण वर्गाचा जो 'तास' म्हणतो तो निराळा, तो फारसीकडचा.)

तेव्हा ताई, हॉलमध्ये 'ठेका धरा' म्हणा. वेग सांगताना 'मिनिटाला इतके ठोके' म्हणा. आणि मध्येच ठोके गायब झाले की तुमच्या वर्गातल्या बायका गोंधळून थांबत असतील, पाय हवेत. त्या वेळेला ओरडा: 'ठोका थांबलाय, ठेका सोडू नका!' काकूंना हे वाक्य पटतं का, तेवढं कळवा.