पगार वाढवला, तरी चुका थांबेनात

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत माझं छपाईचं युनिट आहे, 14 कामगार. दिवाळीला बोनस दिला, पगार वाढवला. महिनाभर उत्साह टिकला, मग पुन्हा तेच : चुकलेले रंग, वाया गेलेला कागद. आणखी काय द्यायचं?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : दादा, पैसे दिलेत ते योग्यच केलंत. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनियर आणि अकाउंटंटशी बोलून 1959 मध्ये जे मांडलं, ते मला पटतं. पगार, कामाची जागा नीट नसेल तर माणूस कुरकुरतो. नीट असेल तर कुरकुर थांबते, एवढंच. मन लागतं ते काम जमल्याच्या समाधानाने, कौतुकाने, जबाबदारीने.

भांडुपच्या एका कारखान्यात मी 22 वर्षं सुपरवायझर होते. आमचा एक ऑपरेटर कल्याणहून लोकलला लटकत यायचा आणि तोंड पाडून मशीनपाशी उभा राहायचा. तपासणी आमची, बोलणी मात्र त्याला. मी त्याला पहिला नमुना पास करायचा अधिकार दिला, गडबड दिसली तर मशीन थांबवायचाही. त्यावरून साहेबांशी भांडले. पंधरा दिवसांत तो स्वतःच्या वहीत सेटिंगं टिपून ठेवू लागला. निळ्या पुठ्ठ्याची ती वही अजून डोळ्यांसमोर आहे.

तुम्हीही माल कुणाचा, कशासाठी, ते मशीनवरच्या माणसाला सांगा. रंग त्यालाच तपासू द्या. चुकला तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन बोला.